ॲरिस्टॉटलचा मध्य आणि कन्फ्यूशियसचा मध्य

आपल्याकडे ‘सुवर्णमध्य काढणे’ म्हणजे भांडण मिटवणे. एकाला दहा हवेत, दुसरा दोनच द्यायला तयार आहे, मग सहावर तोडा. दोघंही थोडे नाराज, म्हणजे काम फत्ते. हाच अर्थ डोक्यात ठेवून आपण ॲरिस्टॉटलकडे जातो, तिथून कन्फ्यूशियसकडे, आणि म्हणतो, ‘दोघांनी एकच तर सांगितलंय: अती तिथे माती.’

गंमत अशी की दहा, दोन आणि सहा हे आकडे ॲरिस्टॉटलचेच आहेत, आणि तो ते घेतो हा समज खोडायला. दहा माप अन्न फार आणि दोन माप थोडं, म्हणून आखाड्याचा वस्ताद प्रत्येकाला सहा माप देत नाही. मायलो नावाच्या नामांकित पैलवानाला सहा माप अपुरं पडेल, नव्या पोराला ते जास्त होईल. मध्य आकड्यांचा नसतो, माणसागणिक आणि प्रसंगागणिक ठरतो. शौर्य हे भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मधलं, पण बरोबर अर्ध्यावरचं नव्हे. राग येण्यात चूक नाही. योग्य माणसावर, योग्य वेळी, योग्य कारणासाठी, योग्य तेवढाच यावा, हे अवघड. शिवाय व्यभिचार, चोरी, खून यांना मध्यच नसतो, हेही तो बजावतो. (‘सुवर्ण’ हे विशेषण त्याचं नाहीच. ते होरेस या रोमन कवीकडून आलं.)

आता चीनकडे. ‘चोंगयोंग’ या छोट्या ग्रंथाच्या नावाचं भाषांतर सहसा ‘मध्याचा सिद्धांत’ असं होतं, आणि गोंधळ इथेच सुरू होतो. परंपरेनुसार हा ग्रंथ कन्फ्यूशियसच्या नातवाचा, झीसीचा. बाराव्या शतकात चू शी या विद्वानाने तो कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या चार पायाभूत ग्रंथांत बसवला, आणि पुढे 1905 पर्यंत चिनी सरकारी परीक्षांना बसणारी पोरं तो पाठ करत होती.

कन्फ्यूशियसचा स्वतःचा मध्य मात्र ‘लुन-यू’ या त्याच्या संवादसंग्रहातल्या एका प्रसंगात जास्त चांगला दिसतो. झीलू नावाचा शिष्य विचारतो, ‘चांगली गोष्ट ऐकली की लगेच आचरणात आणावी का?’ गुरू म्हणतो, ‘घरी वडील आहेत, थोरला भाऊ आहे, लगेच कशी आणशील?’ मग रान यू तोच प्रश्न विचारतो. उत्तर: ‘हो, लगेच.’ दोन्ही ऐकणारा तिसरा शिष्य चक्रावतो. त्याला गुरू सांगतो की रान यू मागे मागे राहतो, म्हणून त्याला पुढे ढकललं. झीलूच्या अंगात दोघांचा जोर आहे, म्हणून त्याला आवरलं. मायलोच्या वस्तादाने वेगळं काय केलं असतं?

इथवर दोघं खरोखर शेजारी आहेत. नियम पाळला का, किंवा परिणाम किती चांगला झाला, यापेक्षा माणूस कसा घडला याकडे दोघांचं लक्ष. सवयीने स्वभाव घडतो हे दोघांना मान्य. दोघांनाही धनुर्धराची उपमा सुचते, आणि शेजार इथेच संपू लागतो. ॲरिस्टॉटलच्या धनुर्धराला समोर लक्ष्य दिसतं: जगण्याचं अंतिम ध्येय काय हे कळलं तर नेम धरणं सोपं. ‘चोंगयोंग’मधला धनुर्धर आपल्याला भेटतो तो नेम चुकल्यावर; तो वळतो आणि दोष स्वतःत शोधतो.

खरा प्रश्न असा की नेमकं माप ठरवायचं कोणी? ॲरिस्टॉटल म्हणतो, विवेकाने. व्यवहारात शहाणा माणूस ठरवेल तसं. कन्फ्यूशियसचं उत्तर आहे ‘ली’. या शब्दाला मराठीत एक प्रतिशब्द नाही. रीतभात, विधी, मानपान, शिष्टाचार, सुतक पाळणं, हे सगळं मिळून ली. ‘लुन-यू’मध्ये तो म्हणतो: ली नसेल तर आदर म्हणजे नुसती दमछाक, सावधपणा म्हणजे भित्रेपणा, शौर्य म्हणजे दांडगाई आणि सरळपणा म्हणजे फटकळपणा. ही यादी ॲरिस्टॉटलच्या वहीत सहज खपली असती. पण सद्गुण बिघडतो तो माप चुकल्यामुळे, आणि ते माप साठलंय पिढ्यान्‌पिढ्यांच्या रीतीत, हे म्हणणं ॲरिस्टॉटलचं नाही. चांगल्या कायद्यांनी नागरिकांना चांगल्या सवयी लागतात, हे तो मानतो. पण नमस्कार किती वाकून करावा यात त्याला नीतिशास्त्र दिसत नाही.

म्हणून कन्फ्यूशियस कर्मठ ठरतो का? झाई वो नावाच्या शिष्याला तसंच वाटलं असावं. आईवडिलांच्या मृत्यूनंतर तीन वर्षं दुखवटा (प्रत्यक्षात पंचवीस महिने) जरा जास्तच होतो, एक वर्ष पुरे, असं त्याचं म्हणणं. कन्फ्यूशियस विचारतो, ‘एका वर्षात गोडधोड खाल्लंस, भरजरी नेसलास, तर मनाला बरं वाटेल?’ झाई वो म्हणतो, ‘वाटेल.’ ‘मग खुशाल कर.’ तो गेल्यावर मात्र गुरू म्हणतो की या माणसात ‘रेन’, म्हणजे माणुसकी, नाही. मूल तीन वर्षांचं झाल्यावर कुठे आईबापांच्या कडेवरून उतरतं. रीत मोडू नये म्हणून गुरू अडून बसलेला नाही. रीत मोडताना याला काहीच कसं होत नाही, हे त्याला खुपतं.

आता मेंढीचं प्रकरण. एक सरदार अभिमानाने सांगतो, ‘आमच्याकडे एक इतका सरळ माणूस आहे की बापाने मेंढी चोरली तेव्हा त्यानेच साक्ष दिली.’ कन्फ्यूशियसचं उत्तर: ‘आमच्याकडचे सरळ लोक निराळे. बाप मुलाला पाठीशी घालतो, मुलगा बापाला. सरळपणा त्यातच असतो.’ यावर चीनमध्येच अजून वाद संपलेला नाही. भ्रष्टाचाराचं मूळ इथेच आहे म्हणणारे आहेत, आणि सरकारने मुलाला बापाविरुद्ध उभं करू नये याचं हे पहिलं संरक्षण आहे म्हणणारेही.

‘पूर्व नात्याची, पश्चिम न्यायाची’ असं इथे झटकन लिहून मोकळं होता येतं. पण मग प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादाचं काय करायचं? तिथे युथिफ्रो स्वतःच्या बापावर मनुष्यवधाचा खटला भरायला निघालाय, आणि ते ऐकून सॉक्रेटिस चकित होतो. ॲरिस्टॉटलही सांगतो की परक्यापेक्षा बापावर हात उगारणं जास्त भयंकर, आणि आईबापांचं ऋण फिटत नाही. मैत्री आणि नाती यांवर त्याने ‘निकोमाखियन एथिक्स’ या आपल्या नीतिग्रंथाच्या दहांपैकी दोन भाग खर्च केले आहेत. त्याला सुटासुटा व्यक्तिवादी ठरवणं हा आपला आळस आहे. फरक असा की त्याच्यासाठी कुटुंब ही नगरराज्याकडे जाणारी पायरी. कन्फ्यूशियससाठी राज्य हेच वाढलेलं कुटुंब.

अलीकडच्या अभ्यासकांचं भांडणही याच रेषेवर आहे. 1958 मध्ये एलिझाबेथ ॲन्सकोम आणि 1981 मध्ये ॲलॅस्डेअर मॅकिंटायर या तत्त्वज्ञांनी इंग्रजी जगाला ॲरिस्टॉटलकडे परत वळवलं, तेव्हा कन्फ्यूशियसचाही ‘सद्गुणवादी’ म्हणून नव्याने अभ्यास सुरू झाला. रॉजर एम्स आणि हेन्री रोझमाँट यांनी हरकत घेतली: कन्फ्यूशियसकडे आधी माणूस आणि मग त्याची नाती असा क्रमच नाही, मुलगा, शिष्य, मित्र या भूमिका काढल्या तर मागे उरतं काय? याला ते भूमिकानीती म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. उत्तम पुत्र, उत्तम मंत्री असूनही माणूस आतून पोकळ असू शकतो, हे कन्फ्यूशियसला पक्कं ठाऊक होतं. गावात सगळ्यांशी गोड असणाऱ्या ‘भल्या’ माणसाला तो सद्गुणाचा चोर म्हणतो. सगळं गाव ज्याला चांगलं म्हणतं तो पुरेसा चांगला नव्हे. चांगल्यांना तो आवडावा आणि वाइटांना खुपावा.

मला सगळ्यात खोल फरक दिसतो तो नशिबाच्या बाबतीत. ॲरिस्टॉटलचं ‘युडायमोनिया’, म्हणजे भरलंपुरलं जीवन, नुसत्या सद्गुणावर उभं राहत नाही. घराणं, मुलंबाळं, थोडा पैसा, अगदी रूपसुद्धा लागतं. ट्रॉयचा राजा प्रायम कितीही चांगला असो, म्हातारपणी त्याच्यावर कोसळलेलं पाहता त्याला कोणी सुखी म्हणणार नाही. कन्फ्यूशियसचा लाडका शिष्य यान हुई गल्लीतल्या दरिद्री घरात राहायचा, बांबूच्या टोपलीभर भात आणि भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी यांवर. इतरांना हे हाल सोसले नसते. यान हुईचा आनंद काही कमी झाला नाही, असं गुरू कौतुकाने सांगतो.

यान हुई तरुणपणीच वारला. तेव्हा कन्फ्यूशियस इतका रडला की शिष्य म्हणाले, ‘गुरुजी, हे अती होतंय.’ आयुष्यभर मापाच्या गोष्टी सांगणाऱ्याने विचारलं, ‘अती होतंय? या माणसासाठी नाही, तर मग कोणासाठी?’