जुनं मीटर भंगारात काढू नका, आधी त्याच्या मागचा पोर्ट बघा

नवीन पीएलसी (मशिनं चालवणारा कंट्रोलर) बसला, स्काडाची (सगळी रीडिंग कॉम्प्युटरवर दाखवणारी) स्क्रीन झकास आली, आणि मग लक्षात येतं की बॉयलरचा टेंपरेचर कंट्रोलर, पॅनेलमधले एनर्जी मीटर, गेटवरचा वजनकाटा हे सगळे सिरियलवर (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या वायरवर) बोलणारे आणि पीएलसीला मात्र नुसता इथरनेटचा, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कचा, पोर्ट. मग कोणीतरी म्हणतं सगळं बदलून टाका साहेब. आमचं म्हणणं, जरा थांबा. चांगलं चालणारं मीटर काढायची गरज बहुतेक वेळा नसते, मधे सिरियल आणि इथरनेट जोडणारा एक छोटा डबा बसवला की काम होतं, त्याला गेटवे म्हणतात. फक्त कुठला डबा ते आधी ठरवा, कारण चुकीचा घेऊन बसलेले आणि मग आम्हाला फोन करणारे बरेच असतात.

पहिलं बघायचं ते वायरचं. मागे नऊ पिनांचा कनेक्टर असेल तर बहुधा आरएस-२३२. हे १९६० च्या सुमाराचं स्टँडर्ड, एका वायरवर एकच डिव्हाइस आणि अंतर साधारण १५ मीटर. स्क्रूचं टर्मिनल असेल आणि ए, बी लिहिलेलं असेल तर आरएस-४८५, ते १९८३ चं, त्यात एकाच जोडीवर ३२ डिव्हाइस बसतात आणि स्पीड कमी ठेवला तर १२०० मीटरपर्यंत जाता येतं. पण नऊ पिना दिसल्या म्हणजे २३२च असं समजू नका, काही ड्राइव्हवर (मोटरचा स्पीड सांभाळणाऱ्या डब्यावर) त्याच कनेक्टरवर ४८५ दिलेलं असतं, मॅन्युअल बघूनच जोडा.

दुसरं म्हणजे भाषा, आणि पैसे वाया जातात ते इथेच. मीटर, ड्राइव्ह, टेंपरेचर कंट्रोलर बहुतेक मॉडबस आरटीयू, म्हणजे मॉडबसची सिरियलवरची भाषा, बोलतात. मॉडबस मोडिकॉनने १९७९ साली आपल्या पीएलसीसाठी काढला, तो अजून चालतोय. यात विचारल्याशिवाय कोणी बोलत नाही: पीएलसी इथरनेटवरून ५०२ नंबरच्या पोर्टवर विचारतो, गेटवे तोच प्रश्न सिरियलवर टाकतो, उत्तर आलं की परत पाठवतो. वजनकाट्याचा इंडिकेटर मात्र बऱ्याचदा असा नसतो, तो कोणी विचारो न विचारो भाजीवाल्यासारखा वजन ओरडत राहतो, नुसती अक्षरांची ओळ. त्याला मॉडबसचा गेटवे लावून काही मिळत नाही, तिथे ओळ जशीच्या तशी पुढे ढकलणारा सिरियल सर्व्हर लागतो आणि त्यातून वजन काढायचं काम पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये करावं लागतं. ओळ पूर्ण आली का हे तपासल्याशिवाय आकडा घेऊ नका, नाहीतर १५४० किलोचे १५४ व्हायला वेळ लागत नाही. आणि हो, काट्याच्या इंडिकेटरला वैधमापनवाल्यांचं सील असतं, ते आम्ही कधीच उघडत नाही, फक्त बाहेरच्या पोर्टवरून डेटा घेतो.

आता वायरिंग. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत डबा खराब निघणं क्वचितच, वायरिंगची भानगडच जास्त. ४८५ ची वायर एका मीटरवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशी ओळीने न्यायची, मधूनच चार फाटे काढायचे नाहीत. १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना, प्रत्येक मीटरवर लावला तर लाइन बसते. शील्ड (वायरभोवतीची धातूची जाळी) एकाच टोकाला अर्थ करा, आणि ही वायर ड्राइव्हच्या मोटर केबलसोबत एकाच ट्रेमध्ये टाकू नका, मोटर चालू झाली की रीडिंग गायब होतं ते बऱ्याचदा यामुळेच. ए आणि बी ची नावं सगळ्या कंपन्या सारखी वापरत नाहीत, त्यामुळे उत्तरच येत नसेल तर दोन वायरी उलट्या करून बघा, त्याने काही जळत नाही. आम्ही स्वतः एकदा अख्खा दिवस सेटिंग बदलत बसलो होतो आणि संध्याकाळी वायरमनने दोन वायरी उलट्या लावल्या तर लगेच चालू झालं.

सेटिंगमध्ये बॉड रेट (स्पीड), पॅरिटी (चूक पकडायचा बिट), स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) सगळीकडे सारखे पाहिजेत आणि अॅड्रेस मात्र प्रत्येकाचा वेगळा, १ ते २४७ मधला. नवीन मीटर बऱ्याचदा १ वरच येतात, दोन तसेच लावले की दोघं एकदम बोलतात आणि दोघांचंही कळत नाही. रीडिंग येतंय पण २३० व्होल्टच्या जागी शून्य किंवा भलताच आकडा दिसत असेल तर रजिस्टर (मीटरमधला आकडा ठेवायचा नंबरवार कप्पा) एकने पुढेमागे झालंय नाहीतर दोन रजिस्टरांचा क्रम उलटा वाचला जातोय, मीटर फेकायची गरज नाही.

स्पीडबद्दल लोक खूप विचारतात. ९६०० बॉडला दोन रजिस्टर वाचायला लाइनवर साधारण २० मिलिसेकंद जातात, वर मीटरचा विचार करायचा वेळ. एका लाइनवरची वीस एनर्जी मीटरं आरामात वाचून होतात. पण त्यातलं एक बंद पडलं आणि टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची वेळ, १ सेकंद, वर तीनदा परत विचारायचं असं सेटिंग असेल तर त्या एकापायी प्रत्येक फेरीत सगळे चार सेकंद थांबतात आणि स्क्रीन हळू झाली म्हणून शिव्या पीएलसीला. टाइमआउट कमी करा, बंद मीटरला थोड्या थोड्या वेळानेच विचारा.

अजून एक, मॉडबसला पासवर्ड नसतो. घरून मोबाइलवर बघायचं म्हणून गेटवे सरळ इंटरनेटवर उघडा ठेवू नका, व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खाजगी, सुरक्षित लाइन) घ्या.

आम्हाला व्हॉट्सअॅपवर डिव्हाइसच्या मागच्या बाजूचा आणि नेमप्लेटचा फोटो, मॅन्युअलमधलं कम्युनिकेशनचं पान, पीएलसीचं मॉडेल आणि अंदाजे अंतर पाठवा. येताना आम्ही लॅपटॉप आणि यूएसबी कन्व्हर्टर घेऊन येतो आणि आधी तुमच्या डिव्हाइसशी थेट बोलून बघतो. तिथे उत्तर आलं नाही तर त्या दिवशी गेटवे विकत नाही.