बायबल महाविद्यालय, खानदेशातील परंपरा

ख्रिस्ती मंडळ्यांसाठी (चर्चसमुदायांसाठी) पाळक, सुवार्तिक म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगणारे प्रचारक, मंडळीशिक्षक आणि घरोघरी स्त्रियांना बायबल शिकवणाऱ्या बायबलबाई तयार करणारी, मंडळीच्या किंवा धर्मादाय न्यासाच्या खर्चावर चालणारी लहान, खाजगी आणि बहुधा निवासी शिक्षणसंस्था म्हणजे बायबल महाविद्यालय. बोलण्यात तिला बायबल शाळा, बायबल ट्रेनिंग स्कूल किंवा बायबल कॉलेज असे म्हणतात. अभ्यासक्रम पदवीपर्यंत गेला की सेमिनरी हा शब्द वापरला जातो. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात ख्रिस्ती उच्चशिक्षणाची वाट कला-विज्ञान महाविद्यालयाकडे न जाता या छोट्या संस्थेकडे वळली. त्यामुळे येथील मंडळ्यांचा इतिहास समजून घेताना या शिक्षणपरंपरेला मध्यवर्ती स्थान द्यावे लागते.

महाराष्ट्राच्या इतर भागांत चित्र वेगळे होते. मुंबईत जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये सुरू केलेल्या शाळेतून विल्सन महाविद्यालय वाढले, नागपुरात १८८३ मध्ये हिस्लॉप महाविद्यालय निघाले आणि अहमदनगरला भा. पां. हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर महाविद्यालय उभे केले. यांपैकी पहिल्या दोन संस्थांमागे स्कॉटिश मिशनचे धोरण होते. शहरातील उच्चवर्णीय तरुणांना इंग्रजीतून आधुनिक ज्ञान द्यावे आणि त्या ज्ञानातून धर्मविचाराचे दार उघडावे, असा तो विचार अलेक्झांडर डफ यांच्या कलकत्त्यातील प्रयोगापासून रुजलेला होता. खानदेशात या तोडीचे ख्रिस्ती महाविद्यालय झाले नाही. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय १९४५ मध्ये निघाले, ते स्थानिक दानशूर व्यापारी आणि शिक्षणप्रेमी नागरिकांच्या पुढाकाराने. या फरकाचे कारण मिशनांच्या गरिबीत शोधण्यापेक्षा त्यांच्या श्रद्धेच्या स्वरूपात शोधणे अधिक योग्य ठरते.

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला, परंतु येथील ख्रिस्ती कार्याला खरा जोर चढला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्या वेळी आलेली मिशने नव्या धाटणीची होती. स्वीडनमध्ये जन्मलेले फ्रेडरिक फ्रान्सन (१८५२–१९०८) यांनी १८९० मध्ये शिकागो येथे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची स्थापना केली. तिचे आणि तिच्याशी नाते असलेल्या स्वीडिश मंडळींचे कार्य पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबार भागात आणि तापीकाठच्या गावांत पसरले. नंदुरबारच्या एस. ए. मिशन हायस्कूलच्या नावात ही ओळख अजून टिकून आहे. पूर्वेकडे भुसावळ-चाळीसगावच्या बाजूला ए. बी. सिम्पसन यांच्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे कार्य होते. त्याचे मुख्य केंद्र वऱ्हाडात अकोला येथे होते. या मिशनांना विद्यापीठाच्या परीक्षांपेक्षा सुवार्ता गावोगाव पोहोचणे महत्त्वाचे वाटे. पाश्चात्त्य देशांतील त्यांचे कार्यकर्तेही बहुधा विद्यापीठांतून आलेले नसत. सिम्पसन यांनी १८८२ मध्ये न्यू यॉर्क येथे अशा कार्यकर्त्यांसाठी प्रशिक्षण संस्था काढली होती, शिकागोत अमेरिकन सुवार्तिक डी. एल. मूडी यांची संस्था १८८६ मध्ये निघाली आणि फ्रान्सन तर काही दिवसांचेच वर्ग घेऊन तरुणांना परदेशी धाडत. थोड्या काळात, बायबलच्या पुस्तकाला केंद्रस्थानी ठेवून आणि शिकता शिकता प्रचार करायला लावून माणूस तयार करण्याची ही पद्धत त्यांनी सोबत आणली आणि खानदेशाच्या मातीत तिला वेगळेच वळण लागले.

ते वळण दुष्काळाने दिले. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी पश्चिम भारत होरपळून निघाला. विक्रम संवत १९५६ मधील दुसरा दुष्काळ लोकांच्या आठवणीत छप्पन्नचा दुष्काळ म्हणून राहिला. मिशनांनी अन्नछत्रे, कामे आणि अनाथालये चालवली. आईबाप गमावलेली मुले मिशनच्या बोर्डिंगात वाढली आणि अक्षरओळख झालेली एक पिढी प्रथमच मंडळ्यांच्या हाताशी आली. तिच्यातून शिक्षक आणि सुवार्तिक निवडायचे, तर त्यांना पद्धतशीर शिकवावे लागणार होते. हे प्रशिक्षण विद्वान घडवण्याच्या इच्छेतून निघाले नव्हते. ख्रिस्ती वस्त्या दूरदूर विखुरलेल्या होत्या, गोरे मिशनरी मूठभर होते, आणि रविवारची उपासना चालवायला, मुलांना वाचायला शिकवायला आणि आजाऱ्याजवळ बसून प्रार्थना करायला त्याच मुलखातील माणूस हवा होता. त्याच सुमारास तापी खोऱ्यातील रेल्वे सुरू होऊन अमळनेर, नंदुरबार, चिंचपाडा आणि नवापूर ही गावे सुरतेशी जोडली गेली. मिशनची ठाणीही पुष्कळशी या मार्गाच्या आधारानेच वाढली.

शिक्षणाचे वेळापत्रक ऋतूंवर बेतलेले असे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या आरंभी मिशनरी व सुवार्तिक तंबू घेऊन गावोगाव हिंडत. पावसाळ्यात काळ्या मातीचे रस्ते चिखलाने बंद झाले, नद्यानाल्यांना पूर आला, की सर्वांना मिशनच्या आवारात बोलावून वर्ग भरवणे सोयीचे होई. असे पावसाळी वर्ग हेच या भागातील बायबल शाळेचे मूळ रूप मानावे लागते. पुढे त्यांना दोन-तीन वर्षांचा क्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र यांची जोड मिळाली. विद्यार्थिसंख्या दोन आकड्यांच्या पुढे क्वचितच जात असे. अनेक विद्यार्थी विवाहित असत व कुटुंबासह राहत, म्हणून त्यांच्या पत्नींसाठी वाचन, आरोग्य, शिवणकाम आणि बायबलचे स्वतंत्र वर्ग चालत. बायबलबाईच्या कामाला या प्रदेशात मोठे मोल होते, कारण पुरुष सुवार्तिकाला घराच्या ओसरीपुढे प्रवेश नसे. या कामाचा मोठा आदर्श पंडिता रमाबाई यांच्या केडगाव येथील मुक्ती मिशनने घालून दिला होता. तेथे दुष्काळातून वाचवलेल्या मुली व विधवा शिकून स्वतः शिकवणाऱ्या झाल्या.

अभ्यासक्रमाचा गाभा जुन्या व नव्या कराराचे क्रमवार वाचन हा असे. त्याच्या भोवती ख्रिस्ती सिद्धांत, मंडळीचा इतिहास, प्रवचनशास्त्र, पाळकीय सेवा आणि इतर धर्मांची ओळख हे विषय गुंफलेले असत. ग्रीक आणि हिब्रू या मूळ भाषा पदवीच्या पातळीवरच येत. मराठीत या शिक्षणाला लागणारे साहित्य इतर अनेक भारतीय भाषांच्या मानाने लवकर तयार झाले होते. बंगालमधील श्रीरामपूर (सेरामपूर) येथे विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली मराठी नवा करार १८११ मध्ये छापला गेला. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ पासून निघत होते. संगीतशिक्षणाकडे विशेष लक्ष दिले जाई आणि ते योग्यच होते. नारायण वामन टिळक यांच्या पदांनी मराठी उपासनेला अभंग-कीर्तनाची चाल दिली होती. पेटी आणि झांजा यांच्या साथीने पदे म्हणता येणारा सुवार्तिक गावच्या चावडीपुढे किंवा बाजाराच्या दिवशी लोकांना थांबवू शके; केवळ प्रवचनाची तयारी असलेल्याला ते साधत नसे.

भाषेचा प्रश्न मात्र या संस्थांना कधीच पुरता सुटला नाही. शिकवणे, पुस्तके आणि परीक्षा मराठीत चालत. घरी मात्र कोणी अहिराणी बोले, नवापूरकडचा विद्यार्थी मावची, सातपुड्याच्या अंगाचा विद्यार्थी पावरी, तर कोणी भिल्लीची आणखी एखादी बोली. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात भिल्ल भाषा आणि खानदेशी यांना १९०७ मध्ये मिळून स्वतंत्र भाग द्यावा लागला, यावरूनही या विविधतेची कल्पना येते. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. या विद्यार्थ्यांना बायबल शाळेने प्रमाण मराठी दिली आणि त्या मराठीने त्यांना कचेरी, दवाखाना व शाळा यांची भाषा हाती आली, हा लाभ मोठा होता. परंतु वर्गात शिकलेले प्रवचन पाड्यावर जाऊन मनातल्या मनात आपल्या बोलीत फिरवून सांगण्याचे कष्ट त्याच विद्यार्थ्याच्या वाट्याला आले. ते काम इतके सहज धरले गेले की अभ्यासक्रमात त्याला जागा मिळाली नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या परंपरेतील सर्वांत मोठे बौद्धिक कार्य हेच होते आणि त्याची नोंद सर्वांत कमी झाली आहे.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती झपाट्याने बदलली. परदेशी मिशनऱ्यांच्या प्रवेशावर मर्यादा येऊ लागल्या. शेजारचे वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होते आणि तेथील सरकारने मिशनांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी १९५४ मध्ये नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. मंडळ्या लवकरच स्वतःच्या पायावर उभ्या राहाव्या लागतील, हे मिशनांनाही उमगले होते. स्वतंत्र लहान शाळा प्रत्येकाने चालवण्यापेक्षा एकत्र येऊन एकच भक्कम संस्था काढावी, हा विचार या काळात पुढे आला. वऱ्हाड व खानदेश येथील मिशने आणि मंडळ्या एका ख्रिस्ती परिषदेत एकत्र येत असत. या परिषदेच्या निमित्ताने अकोला येथे १९५१ मध्ये इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया ही राष्ट्रीय संघटना जन्माला आली. तिच्याच प्रेरणेने १९५३ मध्ये यवतमाळ येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. फ्री मेथडिस्ट मिशनची तेथील मराठी बायबल शाळा हा तिचा पाया होता. पहिले प्राचार्य फ्रँक क्लाइन होते आणि पुढे सफीर फिलिप अत्याल यांच्या रूपाने प्राचार्यपदावर भारतीय विद्वान आले.

प्रादेशिक गरजेतून निघालेली ही संस्था थोड्याच काळात अखिल भारतीय झाली. अध्यापनाची मुख्य भाषा इंग्रजी झाली, ईशान्य भारतापासून केरळपर्यंतचे विद्यार्थी येऊ लागले आणि ती श्रीरामपूरच्या विद्यापीठाशी संलग्न झाली. श्रीरामपूर महाविद्यालय १८१८ मध्ये स्थापन झाले होते; त्याला पदव्या देण्याचा अधिकार डेन्मार्कच्या राजाच्या १८२७ च्या सनदेने मिळाला आणि १९१८ च्या कायद्याने त्याची व्यवस्था पक्की केली. या संलग्नतेमुळे बी. डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) या धर्मशास्त्राच्या पदवीला देशभर मान मिळाला. १९८३ मध्ये सेमिनरी यवतमाळहून पुण्याला हलली. ग्रंथालय, अध्यापक आणि इतर संस्थांचा सहवास या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा होता. परंतु साक्री किंवा अक्कलकुव्याच्या तरुणासाठी यवतमाळ जितके दूर होते त्याहून पुणे इंग्रजीमुळे अधिक दूर झाले. पदवी घेऊन परतणारा पाळक लहान मंडळीच्या तुटपुंज्या मानधनावर टिकणे अवघड झाले आणि ज्या मंडळ्यांच्या गरजेतून ही वाट सुरू झाली होती, त्यांना पुन्हा लहान मराठी वर्गांचाच आधार घ्यावा लागला.

रोमन कॅथलिक मंडळीत हा प्रश्न अशा स्वरूपात आला नाही. धर्मगुरूंचे प्रदीर्घ प्रशिक्षण ती मध्यवर्ती सेमिनरीतच देते, आणि १९५५ मध्ये श्रीलंकेतील कँडीहून पुण्याला आलेल्या पोपच्या सेमिनरीसारख्या संस्था त्यासाठी होत्या. खानदेशाचा समावेश असलेला नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये स्वतंत्र झाला. अलायन्स परंपरेतील मंडळ्या १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीत सामील न होता वेगळ्या राहिल्या. त्यामुळे पाळकांच्या शिक्षणाची जबाबदारीही त्यांच्यावर वेगळी राहिली.

कायद्याच्या दृष्टीने ही महाविद्यालये विद्यापीठीय चौकटीबाहेरची आहेत. राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा अधिकार दिला आहे. मालमत्ता व कारभार यांची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. जळगावला १९९० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी, ज्याला आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे, त्यांचा शैक्षणिक संबंध नाही. साध्या बायबल शाळेचे प्रमाणपत्र नोकरीला किंवा पुढील विद्यापीठीय प्रवेशाला उपयोगी पडत नाही, हे विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. तरीही येणाऱ्या विद्यार्थ्याची निष्ठा यातून दिसते, पण पुढे मंडळीची सेवा सोडावी लागली तर त्याच्या हाती काही उरत नाही, ही गोष्टही तितकीच खरी आहे. परदेशी देणग्यांवरील नियंत्रण १९७६ च्या आणि नंतर २०१० च्या कायद्याने वाढत गेले. वसतिगृहाचा खर्च, शिक्षकांचे वेतन आणि इमारतींची डागडुजी हे सारे स्थानिक वर्गणीतून भागवणे शेतमजूर व अल्पभूधारक सभासद असलेल्या मंडळ्यांना जड जाते. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी निवासी शिक्षणाऐवजी विस्तारपद्धतीने, म्हणजे शिकणाऱ्याने आपले गाव व काम न सोडता पाठपुस्तके वाचून ठरावीक दिवशी गटात चर्चा करण्याची पद्धत स्वीकारली गेली. भारतात तिला १९७० च्या दशकात संघटित रूप मिळाले. खानदेशातील शेतीच्या हंगामाशी ती बरीच जुळते आणि जुन्या पावसाळी वर्गांच्या तत्त्वाजवळ जाते.

या परंपरेच्या इतिहासलेखनात मोठी असमानता आहे. स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने १९४९ मध्ये दि इव्हँजेलिकल अलायन्स मिशन हे नाव घेतले; तिचे पुष्कळसे कागद अमेरिकेत इलिनॉय राज्यातील व्हीटन येथील अभिलेखागारात व्यवस्थित जपलेले आहेत. ते इंग्रजीत असून मिशनऱ्यांच्या नजरेतून लिहिलेले आहेत. विद्यार्थ्यांचे हजेरीपट, मंडळीच्या पंचांची इतिवृत्ते, सुवार्तिकांच्या रोजनिश्या आणि हाताने उतरवलेली पदे ही मराठी साधने मंडळ्यांच्या कपाटांत आणि घरांच्या पेट्यांत विखुरलेली असून त्यांची सूची झालेली नाही. बोलींमधून दिलेली प्रवचने तर लिहिलीच गेली नव्हती; ती ऐकलेली वृद्ध माणसे अद्याप गावोगाव आहेत आणि त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काम प्राधान्याने व्हायला हवे.