घारापुरी: लेणी, बंदर आणि एक किलोमीटरचा पट्टा

घारापुरीच्या, म्हणजे एलिफंटाच्या, शिल्पांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे महेशमूर्तीचे वर्णन इथे करत नाही. मुद्दा बेटाचा आहे. घारापुरी रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येते. उलवे, न्हावा, उरण या बाजूने पाहिले तर ते अगदी समोर दिसते. तरीही बहुतेक नवी मुंबईकर सहलीला निघाले की हार्बर लाइनने सीएसएमटीला जातात, तिथून गेटवेला जातात आणि लाँचने तासभर प्रवास करून आपल्याच किनाऱ्याच्या दिशेने परत येतात.

बेट म्हणजे काळ्या बेसाल्टच्या दोन टेकड्या आणि त्यांना उत्तर-दक्षिण चिरणारी दरी. पश्चिमेच्या टेकडीत शैव लेणी आहेत. पूर्वेची टेकडी त्याहून उंच, १७३ मीटरची, आणि तिच्यावर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. तिकडे पर्यटक क्वचितच फिरकतात. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वाड्या. यातले मोराबंदर म्हणजे समोरच्या किनाऱ्यावरचा उरणचा मोरा धक्का नव्हे. नवख्या माणसाचा हा घोटाळा नेहमी होतो. आंबा, चिंच, करंज ही इथली झाडे. किनाऱ्याला चिखल आणि तिवरे. ओहोटीला पाणी इतके मागे हटते की लाँच लावायला समुद्रात दूरवर धक्का बांधावा लागला. पर्यटकांना हौसेची वाटणारी छोटी आगगाडी धक्क्याच्या याच लांबीमुळे आली.

जुना इतिहास थोडक्यात. मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या मध्यातले मानतात. ते कलचुरींच्या काळातले की कोकणच्या मौर्यांच्या, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. १५३४ मध्ये बेट पोर्तुगीजांकडे गेले. राजबंदराजवळचा दगडी हत्ती पाहून त्यांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. तोच हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत साखळ्या तुटून फुटला. त्याचे तुकडे पुढे राणीच्या बागेत गेले आणि १९१४ मध्ये जोडले गेले.

ठाणेकरांनी लक्षात ठेवावे असे वर्ष १७७४. त्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टीसोबत घारापुरीही मराठ्यांच्या हातून गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते कायम झाले. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये घारापुरीवर दीर्घ नोंद आहे, कारण तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पनवेलकडचा मुलूख १८८३ मध्ये कुलाबा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या रायगडला जोडला गेला.

आजच्या बेटाला आकार दिला तो मात्र गेल्या पन्नास वर्षांनी. १९७० च्या दशकात नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले. जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. याच सुमारास न्हावा-शेवाला नवे बंदर उभे राहत होते. लेण्यांच्या इतक्या जवळ एवढे मोठे बंदर येणार म्हटल्यावर १९८५ मध्ये राज्य सरकारने अधिसूचना काढली: संपूर्ण बेट आणि किनाऱ्यापासून एक किलोमीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित क्षेत्र. दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली.

या निर्णयाबद्दल आजही दोन मते आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. पट्टा आखला नसता तर शेजारच्या जवाहर द्वीपासारख्या तेलाच्या टाक्या इथेही आल्या असत्या, असे वारसाप्रेमी म्हणतात. ही भीती पोकळ नव्हती. ऑक्टोबर २०१७ मध्ये जवाहर द्वीपावरच्या टाकीला लागलेली आग कित्येक तास धुमसत होती. पण पट्ट्याची रेघ जिथे संपते त्यापलीकडे १९८९ मध्ये बंदर सुरू झाले, खाडीत गाळ उपसून जहाजांचे मार्ग खोल केले गेले, भराव पडले. रेघेच्या आत राहिली ती आगरी-कोळ्यांची घरे. त्यात २०१० च्या कायदादुरुस्तीने स्मारकाभोवतीच्या १०० मीटरांत नव्या बांधकामाला बंदी आली आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी सक्तीची झाली. आता शेतबंदरच्या माणसाला घर वाढवायचे तर आधी आपण स्मारकापासून किती मीटरवर आहोत हे पाहावे लागते. संरक्षणाचा भार असा गावावर जास्त आणि बंदरावर कमी पडला, हे माझे स्पष्ट मत आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बंदराच्या भरावामुळे उपजीविका गमावलेल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला. ही कुटुंबे चार कोळीवाड्यांतली होती. त्यांत घारापुरी नव्हती.

विजेचेही तसेच. समोरच्या किनाऱ्यावर बंदराचे दिवे रात्रभर जळत असताना बेटावर डिझेलच्या जनित्रावर संध्याकाळी काही तासच उजेड असे. न्हाव्याच्या बाजूने समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. त्याच काळात मुंबईच्या किनाऱ्यावरून बेटापर्यंत आठ किलोमीटरच्या रोपवेची घोषणाही गाजली. तो झालेला नाही.

वीज आली, पण पर्यटकाला रात्री मुक्कामाची परवानगी नाही. संध्याकाळची शेवटची लाँच गेली की बेटावर गावकरीच उरतात. त्यामुळे गावाची कमाई दिवसाच्या काही तासांत, पायऱ्यांवरच्या दुकानांत आणि खाणावळींत होते. सोमवारी लेणी बंद, पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचही बंद. घरगुती निवासाला मर्यादित मुभा मिळावी ही मागणी मला रास्त वाटते. तशी मुभा द्यायची तर पाणी आणि कचरा यांची सोय आधी लागेल, कारण बेटावर पिण्याचे पाणी मुख्यतः पावसाचे, साठवलेले आहे.

आपल्या, म्हणजे नवी मुंबईच्या, बाजूने जाण्याची सोय अजून अर्धवटच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलापूरच्या धक्क्यावरून वॉटर टॅक्सीला हिरवा कंदील मिळाला, पण रोजच्या सहलीसाठी परवडणारी, भरवशाची फेरी त्यातून रुजली नाही. जानेवारी २०२४ पासून अटल सेतूवरून गाड्या बेटाच्या उत्तरेने जाऊ लागल्या. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकून १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर प्रत्येक प्रवाशाला लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. न्हावा ते मोराबंदर हे अंतर गेटवेहून येण्याच्या प्रवासाहून कितीतरी कमी आहे, आणि पर्यटकांसाठी नियमित फेरी आधी तिथूनच सुरू व्हायला हवी.