आर्सेनिकयुक्त भूजल : बंगाल खोऱ्यातील विद्यापीठीय संशोधन

गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना या नद्यांच्या गाळाच्या प्रदेशात हापशाच्या पाण्यातून होणारी आर्सेनिकची दीर्घकालीन विषबाधा आणि तिच्यावर कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठासह अनेक विद्यापीठांनी चालवलेले संशोधन. मराठीत सोमल म्हणतात तो आर्सेनिकचा ऑक्साइड; हरताळ व मनशीळ ही त्याची सल्फाइडे. भूजलात मात्र तो आर्सेनाइट व आर्सेनेट या विरघळलेल्या रूपांत असतो. त्याला रंग, वास वा चव नसल्याने पाणी तपासल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही.

पश्चिम बंगालमधील पहिले रुग्ण कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांच्याकडे आले. हे वर्ष १९८२ ते १९८४ यांदरम्यान वेगवेगळे दिले जाते. बहुतेक लेखक १९८३ मानतात. उत्तर भारतातील विहिरींत आर्सेनिक असल्याची नोंद त्याआधी, १९७६ मध्ये चंडीगडच्या वैद्यकांनी केली होती, पण तिचा पाठपुरावा फारसा झाला नाही. बांगलादेशात चापाई नवाबगंज येथे १९९३ मध्ये दूषित पाणी आढळले. दोन्हीकडे पार्श्वभूमी एकच होती : तळी व नद्यांच्या पाण्यातून पसरणारे कॉलरा-अतिसार टाळावेत म्हणून १९७० नंतर कूपनलिकांचा झालेला मोठा प्रसार. जंतूंच्या दृष्टीने हे पाणी खरोखरच चांगले होते. आर्सेनिकसाठी ते कोणी तपासले नव्हते.

जादवपूर विद्यापीठात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पर्यावरण अभ्यास विभागाने दीपंकर चक्रवर्ती (मृत्यू २०१८) यांच्या नेतृत्वाखाली गावोगावचे पाणी, तसेच रहिवाशांचे केस, नखे व मूत्र यांचे नमुने तपासण्यास सुरुवात केली. हायड्राइड निर्मितीवर आधारलेली अणुशोषण वर्णपटमिती (अणूंनी शोषलेल्या प्रकाशावरून मूलद्रव्याचे प्रमाण मोजण्याचे तंत्र) ही त्यांची मुख्य पद्धत होती. वीस वर्षांच्या कामाचा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पश्चिम बंगालमधील १,४०,१५० नमुन्यांपैकी ४८.१ टक्क्यांत आर्सेनिक लिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून, तर २३.८ टक्क्यांत ५० मायक्रोग्रॅमहून अधिक होते. यांपैकी १० हे जागतिक आरोग्य संघटनेचे १९९३ चे मार्गदर्शक मूल्य होय. ५० ही भारतात दीर्घकाळ चाललेली मर्यादा. बिहारमधील भोजपूर जिल्ह्यातल्या सेमरिया ओझा पट्टी गावातील प्रादुर्भावही याच गटाने २००२ मध्ये उघड केला. प्रश्न केवळ त्रिभुज प्रदेशाचा नसून मध्य गंगेच्या मैदानापर्यंत पोचला आहे, हे त्यातून दिसले. आरंभी शासकीय पातळीवर या आकड्यांकडे संशयाने पाहिले गेले.

उगमाचा वाद : आर्सेनिक हिमालयातून वाहून आलेल्या गाळात आहे, याविषयी फारसे दुमत नाही. तो गाळातून पाण्यात कसा उतरतो, हा वादाचा मुद्दा. जादवपूर गटाने १९९० च्या दशकात मांडलेल्या मतानुसार सिंचनासाठी बेसुमार उपसा झाल्याने पाण्याची पातळी खाली गेली, रिकाम्या थरांत हवा शिरली आणि आर्सेनिकधारी पायराइटचे (लोहाच्या सल्फाइड खनिजाचे) ऑक्सिडीकरण होऊन विष मोकळे झाले. हे मत खरे असते, तर दोष उन्हाळी भातासाठी चालणाऱ्या पंपांकडे गेला असता आणि उपसा थांबवणे हाच उपाय ठरला असता. म्हणूनच हा वाद भूरसायनशास्त्रापुरता राहिला नाही.

दुसरे मत नेमके उलट. गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचा पातळ लेप असतो व आर्सेनिक त्याला चिकटलेला असतो. ऑक्सिजन संपलेल्या थरांत सेंद्रिय द्रव्याच्या विघटनाबरोबर या लेपाचे क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) होते, लोह विरघळते व आर्सेनिक सुटतो. स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील भट्टाचार्य आदींनी १९९७ मध्ये या दिशेने मांडणी केली होती. रॉस निक्सन, जॉन मॅकआर्थर आदींच्या १९९८ च्या ‘नेचर’मधील टिपणानंतर ती सर्वतोमुखी झाली. हेच मत आता अधिक ग्राह्य वाटते. आर्सेनिकचे प्रमाण जास्त असलेल्या पाण्यात लोह व बायकार्बोनेट मुबलक असतात, सल्फेट मात्र अत्यल्प; पायराइट ऑक्सिडीकृत झाला असता तर सल्फेट वाढायला हवे होते. उलट पायराइट तयार होताना तो आर्सेनिक शोषून घेतो, म्हणजे तो उगम नसून साठा ठरतो. ही क्रिया निव्वळ रासायनिक नसून तिच्यामागे लोहाचे क्षपण करणारे जीवाणू आहेत, असे मँचेस्टर विद्यापीठाच्या गटाने पश्चिम बंगालच्या गाळावर केलेल्या प्रयोगांतून २००४ मध्ये दाखवले. फॉस्फेट खतांमुळे आर्सेनिक विस्थापित होतो, असेही एक मत १९९९ मध्ये पुढे आले. त्याला मर्यादितच पाठिंबा मिळाला.

जीवाणूंना लागणारे सेंद्रिय द्रव्य कोठून येते, यावर मात्र एकमत नाही. मॅकआर्थर गाडल्या गेलेल्या पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) थरांकडे बोट दाखवतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या चार्ल्स हार्वी आदींनी २००२ मध्ये बांगलादेशातील मुन्शीगंज येथील मोजणीवरून, सिंचनाच्या उपशामुळे पृष्ठभागाजवळचा ताजा कार्बन खाली ओढला जातो, असे मांडले. म्हणजे पायराइट बाजूला पडले, तरी पंपावरचा संशय वेगळ्या वाटेने परत आला. कंबोडियात, जेथे उपसा फारसा नव्हता, तेथेही आर्सेनिक सुटतो असे स्टॅनफर्डच्या गटाने २००८ मध्ये दाखवले. त्यामुळे पंप हे मूळ कारण नसून प्रक्रियेचा वेग व दिशा बदलणारा घटक असावा, असे म्हणणे सध्या सावधपणाचे ठरेल.

आरोग्यविषयक अभ्यास : तळहात-तळपायांवर कठीण गाठी, अंगावर काळे-पांढरे ठिपके आणि दीर्घकाळानंतर त्वचा, मूत्राशय व फुप्फुसांचा कर्करोग ही ठळक लक्षणे. कोलंबिया विद्यापीठाने बांगलादेशातील आराइहजार येथे २००० मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात आरंभी ११,७४६ प्रौढ होते. त्यांच्यात झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे २१ टक्के मृत्यूंचा संबंध १० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिकशी जोडता येतो, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. बर्कलीच्या अ‍ॅलन स्मिथ यांनी २००० मध्ये या घटनेला इतिहासातील सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटले. ठिपक्यांना कुष्ठरोग समजून बाया माहेरी पाठवल्या गेल्याचे उल्लेख जादवपूरच्या लेखांत आढळतात.

उपाय : बांगलादेशात सुमारे पन्नास लाख कूपनलिका तपासून त्यांना लाल (दूषित) वा हिरवा रंग देण्यात आला, लोकांनी शेजारच्या हिरव्या हापशावर जाणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरला. खोल, जुन्या प्लाइस्टोसीन (हिमयुगाच्या काळातील) थरांतील पाणी बहुधा सुरक्षित असते. तेथील वाळू करड्याऐवजी तांबूस-पिवळी असल्याने बोअर मारणारे कारागीर रंगावरून थर ओळखतात. हे स्टॉकहोमच्या संशोधकांनी बांगलादेशातील मतलब नावाच्या भागात तपासून पाहिले आहे. जॉर्ज मेसन विद्यापीठातील अबुल हुसाम यांच्या ‘सोनो’ गाळणीला २००७ मध्ये दहा लाख डॉलरचा ग्रेंजर पुरस्कार मिळाला. मोठ्या संयंत्रांचा अनुभव तितका चांगला नाही. पश्चिम बंगालमधील १९ संयंत्रांवर जादवपूर गटाने दोन वर्षे लक्ष ठेवले. त्यांपैकी एकालाही आर्सेनिक सातत्याने १० मायक्रोग्रॅमच्या आत ठेवता आला नाही.

महाराष्ट्राच्या बेसाल्टी भूप्रदेशात अशी नवी गाळथरे नाहीत; यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागांत भूजलाचा प्रश्न आहे तो फ्लुओराइडचा. तथापि गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात, विशेषतः कौरीकसा गावी, जादवपूर गटाला आर्सेनिक आढळला (१९९९). येथे गाळ नसून डोंगरगड–कोटरी पट्ट्यातील आम्लधर्मी (सिलिका जास्त असलेले) ज्वालामुखी खडक आहेत, म्हणून बंगालचे स्पष्टीकरण येथे तसेच्या तसे लागू पडत नाही.