तोंड येणं, केमो आणि एका जीनचा झालेला गवगवा

नगर-सोलापूरकडनं पोराला केमोसाठी पुण्यात आणलेल्या आईला घरून फोन येतोच, "तोंड आलंय ना, उष्णता असेल, बी-कॉम्प्लेक्स दे." पण ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) केमोतलं मेथोट्रेक्सेट हे औषध काम करतं ते फोलेट या बी-व्हिटॅमिनची वाट अडवून, आणि बऱ्याच बी-कॉम्प्लेक्समध्ये फोलिक ॲसिड, म्हणजे फोलेटच असतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी नको.

तोंडाचा त्रास या औषधाइतकाच जुना. १९४८ मध्ये मेथोट्रेक्सेटच्या थोरल्या भावंडानं, ॲमिनोप्टेरिननं, ल्युकेमियाच्या १६ पोरांपैकी १० जणांना तात्पुरता उतार पडला, आणि तोंडातले फोड तेव्हाच दिसले होते. कुणाला येतात, कुणाला नाही, हे मात्र बरीच वर्षं नशिबावरच.

१९९५ ला एमटीएचएफआर जीनमधला, म्हणजे फोलेट हाताळणाऱ्या एका एन्झाइमच्या जीनमधला, सी६७७टी बदल सापडला. आईबापाकडून आलेल्या दोन्ही कॉपी 'टी' (म्हणजे टीटी) असतील तर एन्झाइमचं काम साधारण ३० टक्क्यांवर येतं. मग २००१ मध्ये बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या २२० पेशंटांचा अभ्यास आला, टीटी वाल्यांची तोंडं जास्त सोलवटलेली. आणि सगळे या जीनच्या मागे लागले! पण ते पेशंट वेगळ्या ल्युकेमियाचे, मेथोट्रेक्सेटचे डोस छोटे, आणि आपल्या पोरांना काही प्रोटोकॉलमध्ये दर चौरस मीटरला ५ ग्रॅम जातं, वर ल्युकोव्होरिनचा रेस्क्यू (मेथोट्रेक्सेटच्या माऱ्यातून चांगल्या पेशी वाचवणारं औषध), म्हणजे तुलनाच अवघड. पोरांवरच्या अभ्यासांत कुठं संबंध दिसला, कुठं अजिबात नाही. त्यात मोजमापाची बोंब. लाली आणि दुखणं म्हणजे ग्रेड १, फोड आहेत पण वरणभात जातो ती २, फक्त पातळ जातं ती ३, तोंडानं काहीच जात नाही ती ४. आता एकानं कुठलाही फोड मोजला आणि दुसऱ्यानं फक्त ३-४, तर उत्तर एक कसं येणार? शिवाय ६७७टी आपल्याकडे युरोपपेक्षा कमी, इथं त्याच जीनमधला दुसरा, १२९८ चा बदल जास्त दिसतो.

म्हणून आधीच टेस्ट करावी का यावर वाद. माझं मत विचाराल तर एमटीएचएफआरचा रिपोर्ट हातात घेऊन डोस कमी करायला लावणं धोक्याचं, कारण आजार उलटला तर फोड परवडले म्हणायची वेळ येते.

नंतर २००९ मध्ये एसएलसीओ१बी१ पुढे आला, हा औषध लिव्हरमध्ये ओढून घेणारा जीन, शरीरातून मेथोट्रेक्सेट किती वेगानं निघतं याच्याशी त्याचा संबंध. २०१४ ला एनयूडीटी१५ हा जीन, तो ६-एमपी या ल्युकेमियाच्या दुसऱ्या औषधासाठी, आणि आशियाई लोकांत महत्त्वाचा, पण त्याचा पहिला फटका पांढऱ्या पेशींना.

वॉर्डात आजही भरवसा ४८ तासांनी रक्तात मेथोट्रेक्सेट किती उरलंय त्या लेव्हलवर. ती जास्त आली की ल्युकोव्होरिन वाढतं, मग जीन कुठलाही असो, आणि पोरगं मिसळ मागत सोडा-मिठाच्या गुळण्या करत बसतं.