करदात्यांच्या पैशांतून आलेली किळस: 'बॉडी हॉरर'ची पार्श्वभूमी

कान महोत्सवात २०२१ साली 'तितान'ला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. २०२४ साली 'द सबस्टन्स'ला तिथेच पटकथेचे पारितोषिक मिळाले आणि पुढच्या वर्षी त्याच्या रंगभूषेला ऑस्कर मिळाले. दोन्हींच्या दिग्दर्शिका फ्रेंच असल्यामुळे शरीराच्या विद्रूपीकरणातून 'मी कोण' हा प्रश्न विचारणारा 'बॉडी हॉरर' हा प्रकार युरोपातील कलात्मक चित्रपटांतून आला असावा, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्याला आजचे रूप मुख्यतः १९७० च्या दशकातील कॅनडात मिळाले, आणि त्यामागे कलेइतकाच सरकारी पैशाचा हात होता.

रूपांतर पडद्यावर दाखवण्याची हौस त्याहून बरीच जुनी आहे. १९३१ च्या जेकिल-हाइड बोलपटात नटाच्या चेहऱ्यावर आधीच विशिष्ट रंगांची रंगभूषा केलेली असे. कृष्णधवल फिल्मवर एका फिल्टरमधून ती दिसत नसे आणि फिल्टर बदलत गेला की कॅमेरा न थांबवता चेहरा काळवंडत जाई. मात्र त्या परंपरेत एक सभ्य आणि एक हिंस्र अशी दोन रूपे असतात आणि समोर कोणते आहे ते प्रेक्षकाला ठाऊक असते. आपल्या परकायाप्रवेशाच्या कथांतही देह बदलतो, पण आत शिरलेला माणूस तोच राहतो. देह आपलाच असताना आतले माणूसपण हळूहळू दुसरेच काही होत जाणे, ही भीती वेगळी आहे.

ती १९७५ च्या 'शिव्हर्स'मध्ये ठळकपणे समोर आली. मॉन्ट्रियलजवळच्या बेटावरील एका उंच, नव्या इमारतीत हा चित्रपट सुमारे १५ दिवसांत चित्रित झाला. निकामी अवयवाची जागा घेण्यासाठी तयार केलेला परजीवी रहिवाशांच्या शरीरांत शिरतो आणि त्यांना बेभान वासनेकडे ढकलतो, असे त्याचे कथानक आहे. नटाच्या पोटावर नकली त्वचा चिकटवून तिच्याखालचे छोटे फुगे एकामागून एक फुगवले जात, त्यामुळे आत काहीतरी सरकत असल्याचा भास होई. शेवटी बाधित रहिवासी शांत चेहऱ्याने मोटारींतून शहराकडे निघतात. हा शेवट पराभवाचा की सुटकेचा, हे चित्रपट सांगत नाही आणि माझ्या मते पुढचा संताप फुग्यांपेक्षा या मौनावर अधिक होता.

निर्मितीसंस्था तोवर सौम्य कामुक चित्रपटांसाठी प्रसिद्ध होती. तरीही राष्ट्रीय चित्रपट उद्योग उभा करण्यासाठी स्थापन झालेल्या सार्वजनिक वित्तसंस्थेने बऱ्याच चालढकलीनंतर तिच्या प्रकल्पात पैसे घातले. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच एका मान्यवर मासिकाच्या समीक्षकाने टोपणनावाने लेख लिहिला. हा चित्रपट किती वाईट आहे हे तुम्हाला कळलेच पाहिजे, कारण त्याचे पैसे तुम्ही भरले आहेत, असा त्याच्या मथळ्याचा आशय होता. प्रश्न संसदेपर्यंत गेला. आक्षेपाची एक बाजू रास्त होती, कारण सार्वजनिक निधीचा हिशेब मागण्याचा हक्क नागरिकाला असतोच. मात्र संस्थेची गुंतवणूक नफ्यासह परत आली. तिने पैसे घातलेल्या अनेक प्रतिष्ठित, गंभीर चित्रपटांना हे जमले नव्हते, याचा उल्लेख टीकाकारांनी फारसा केला नाही. दिग्दर्शकाने पुढे सांगितल्याप्रमाणे, त्या लेखानंतर घरमालकिणीने करारातील नैतिकतेच्या कलमावर बोट ठेवून त्याला घर सोडायला लावले. वादाचा परिणाम असा झाला की, त्याच्या पुढच्या चित्रपटाला सार्वजनिक पैसा मिळाला तो आडमार्गाने, दुसऱ्या एका प्रकल्पाच्या आडून.

याच काळात कॅनडात चित्रपटातील गुंतवणुकीवरील करवजावट ६० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर नेण्यात आली होती. दंतवैद्य आणि वकीलही निर्माते झाले. कर वाचवण्यासाठी काढलेल्या त्या चित्रपटांतील बरेचसे आज कोणी पाहत नाही, पण स्वस्तात निघणाऱ्या भयपटांना त्या लाटेत जागा मिळाली, हेही खरे. १९८० च्या दशकात सवलत टप्प्याटप्प्याने कमी झाली.

'बॉडी हॉरर' हे नाव यानंतरचे आहे. ते साधारणपणे १९८३ मधील एका ऑस्ट्रेलियन लेखकाच्या निबंधाशी जोडले जाते आणि १९८६ च्या प्रारंभी एका ब्रिटिश अभ्यासपत्रिकेने या नावाचा विशेषांक काढल्यावर ते रूढ झाले. मराठीत 'भयपट' म्हटले की भयानक रस डोळ्यांसमोर येतो, ज्याचा स्थायिभाव भय. इथे मात्र जुगुप्सा, म्हणजे बीभत्स रसाचा स्थायिभाव, तितकाच काम करतो. म्हणून 'शरीरभयपट' हा प्रतिशब्द अपुरा वाटतो आणि इंग्रजी शब्दच वापरात राहतो.

त्याच १९८६ च्या ऑगस्टमध्ये 'शिव्हर्स'च्याच दिग्दर्शकाचा 'द फ्लाय' प्रदर्शित झाला. त्यातील शास्त्रज्ञ गळून पडलेले स्वतःचे अवयव न्हाणीघरातील औषधांच्या कपाटात जपून ठेवतो आणि त्या कपाटाला चक्क संग्रहालय म्हणतो. समीक्षकांना त्यात एड्सची छाया दिसली, तर दिग्दर्शकाच्या मनात वार्धक्य आणि मृत्यू होते. चित्रपटाच्या रंगभूषेला ऑस्कर मिळाले. चित्रण टोरांटोतच झाले होते, पण पैसा अमेरिकी स्टुडिओचा होता, त्यामुळे तो कोणाच्या खिशातून गेला हे या वेळी कॅनडाच्या संसदेत कोणी विचारण्याचे कारण नव्हते.