पुसलेली चिप शून्य का दाखवत नाही?

लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड बूट होईनासा झाला की सल्ला ठरलेला: "फ्लॅश (वीज गेली तरी माहिती टिकवणारी मेमरी चिप) पुसून टाक." पुसल्यावर चिप वाचून बघणारा नवखा दचकतो. त्याला शून्यं हवी असतात, आणि पडदाभर दिसतं एफएफ एफएफ एफएफ. म्हणजे पुसलंच गेलं नाही? उलट, अगदी लख्ख पुसलंय!

फ्लॅशमध्ये कोरं म्हणजे सगळे बिट १, आणि आठ बिट १ असलेली बाइट हेक्साडेसिमलमध्ये (१६ अंकांच्या मोजणीत) एफएफ अशी लिहितात. बिट साठवणाऱ्या प्रत्येक सेलमध्ये ऑक्साइडच्या थरांत बंदिस्त असा एक कप्पा असतो. त्यात इलेक्ट्रॉन भरले की ०, काढले की १. पण चहूबाजूंनी विद्युतरोधक असताना इलेक्ट्रॉन आतबाहेर करतात कसे? इथे मला दरवेळी गंमत वाटते. थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. सेलवर सुमारे २० व्होल्ट लावले की ऊर्जेची ती भिंत तिरकी होते, वरच्या अंगाला निमुळती होते, आणि इलेक्ट्रॉन भिंतीवरून उडी न मारता तिच्यातूनच पलीकडे जातो. फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी धातूतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनसाठी हे गणित १९२८ मध्येच मांडलं होतं.

पुसताना हा विद्युतदाब सेलखालच्या सामाईक सिलिकॉनला देतात, त्यामुळे एकटादुकटा सेल पुसता येत नाही, अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. लिनक्समध्ये फ्लॅशच्या भागांची यादी देणारी '/प्रॉक/एमटीडी' ही फाइल उघडा. इरेझसाइझखाली (एका ब्लॉकचा आकार) बऱ्याचदा ०००२०००० दिसेल. हा आकडा हेक्साडेसिमलमधला, म्हणजे १२८ केबी. पार्टिशन (फ्लॅशचा वेगळा केलेला भाग) ब्लॉकच्या हद्दीवर सुरू होत नसेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ते 'रीड-ओन्ली' (फक्त वाचण्यापुरतं) करून टाकतो. मग 'फ्लॅश_इरेझ' ही पुसायची आज्ञा कितीही चालवा, उपयोग नाही.

न पुसता वर लिहिलं तर? लिहिताना १ चा ० होतो, ० चा १ नाही. 'ए'च्या ०१०००००१ वर 'बी'चे ०१००००१० लिहा, हाती येतं ०१००००००, म्हणजे '@'. 'डीडी' या कॉपी करणाऱ्या आज्ञेने, न पुसता, थेट इमेज (फाइल सिस्टिमची तयार प्रत) ओतणाऱ्यांची फाइल सिस्टिम अशीच बिघडते.

आणि सगळ्यावर उपाय म्हणून सुचवला जाणारा तो 'नँड स्क्रब' या आज्ञेचा अंगारा! नँड (फ्लॅशचा एक प्रकार) चिपमधले काही ब्लॉक कारखान्यातूनच खराब येतात, तशी खूण त्यांच्यावर असते. साधं इरेझ ते ब्लॉक वगळतं. यू-बूटचं (बोर्ड सुरू होताना लिनक्सच्या आधी चालणारा प्रोग्रॅम) स्क्रब खुणांसकट सगळं पुसतं. पुढच्या वेळी इमेज लिहिताना ते ब्लॉकही चांगलेच समजले जातात, आणि कर्नल नेमका त्यातल्या एखाद्यात जाऊन बसतो.